ओल खालून येते

गंजाडला येणारा पाहुणा आधी भिंतींकडे पाहतो, आणि ते साहजिकच आहे. डहाणू शहराच्या पूर्वेकडच्या या गावात जिव्या सोमा म्हसे राहिले. लग्नात भिंतीवर काढायच्या चौकापुरती असलेली वारली चित्रकला त्यांनी कागदावर आणि कापडावर नेली. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री, आणि २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्यामुळे कुडाची भिंत जगभर पोचली. कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमातीचा लेप, लेपावर गेरू आणि गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, एवढ्यावर ती उभी असते.

त्याच घरात त्याच शेणमातीची आणखी एक गोष्ट असते. ती पायाखाली असल्यामुळे तिच्याकडे कोणी पाहत नाही. मुरूम आणि माती पसरायची, पाणी मारायचं, धुम्मसाने ठोकायची, चोपणीने चोपून सारखी करायची आणि वरून शेणाने सारवायची. सणावाराला आणि एरवीही आठ-पंधरा दिवसांनी नवं सारवण. हे काम पिढ्यानपिढ्या बायकांनीच केलं आणि त्याची गणना कधीच कारागिरीत झाली नाही. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण या जमिनीत बांधकामाचा एक मोठा प्रश्न सोडवलेला आहे. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात चार महिन्यांत दीड-दोन मीटर पाऊस पडतो. भातखाचरं तुडुंब असतात, विहिरींचं पाणी काठाला येतं आणि जोत्याखालची माती ओलीचिंब होते. ती ओल वर चढते आणि सारवलेली जमीन तिला अडवत नाही. शेणातल्या गवताच्या तंतूंमुळे लेपाला मोठ्या भेगा पडत नाहीत, पण बारीक छिद्रं उघडी राहतात. ओल त्यातून वर येते, हवेत मिसळते आणि चुलीच्या उबेने बाहेर पडते. लेप खराब झाला तर बादलीभर शेणात दुसरा होतो.

आता त्याच गावातल्या दुसऱ्या जागेकडे वळू. गोठ्यातली जनावरं कमी झाली, दारात मोटारसायकल आली, मग छोटा हत्ती किंवा पिकअप आली. गोठ्याच्या जागी किंवा घराला लागून पत्र्याची शेड उभी राहिली आणि तिला गॅरेज म्हणू लागले. किनाऱ्याकडे, घोलवड-बोर्डीच्या चिकूवाड्यांत, अशा शेडमध्ये गाडीच्या शेजारी फळांच्या पेट्या रचलेल्या असतात. डोंगराच्या बाजूला तिथे भाताची पोती असतात, आणि जिथे घरात चित्रकार आहे तिथे कापडाच्या गुंडाळ्या. वारली चित्रकार बहुधा जमिनीवर बसून, कापड पुढ्यात पसरून काम करतो. म्हणजे शेडच्या अर्ध्या भागात बसायची-कामाची जागा करायची असेल, तर जमीन सपाट, कोरडी, धूळ न सोडणारी आणि तासन्‌तास बसवेल अशी हवी. इथे व्हिनाइलच्या लादीचा विचार येतो. वापी जवळ आहे, मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटी-तलासरीवरूनच जातो, माल मिळायला अडचण नाही. लादी पातळ असते, हलकी असते, कटरने कापता येते, जुनी जमीन फोडावी लागत नाही आणि थंडीत शहाबादीसारखी गार लागत नाही.

हे सगळे फायदे खरे आहेत. पण व्हिनाइल सारवणाच्या बरोबर उलट वागतं. ते वाफेला जाऊ देत नाही. गंजाडसारख्या ठिकाणी व्हिनाइल बसवण्याचं सगळं यश-अपयश या एका गुणावर ठरतं, आणि दुकानात रंग व डिझाइन निवडताना त्याविषयी कोणी बोलत नाही.

हा पदार्थ आला कुठून, ते थोडक्यात पाहू. १८७२ साली ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला उन्हात राहिलेल्या काचेच्या नळ्यांत व्हिनाइल क्लोराइड वायूचा पांढरा घट्ट पदार्थ झालेला दिसला. तो कडक होता, ठिसूळ होता आणि पुढची पन्नास वर्षं त्याचं काय करावं हे कोणाला कळलं नाही. १९२६ साली अमेरिकेत, बी. एफ. गुडरिच या टायर बनवणाऱ्या कंपनीत, वाल्डो सीमन रबर धातूला चिकटवण्यासाठी काही सापडतं का ते शोधत होते. हाच पदार्थ त्यांनी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात तापवला. चिकटवायला तो उपयोगी पडला नाही, पण गार झाल्यावर रबरासारखा लवचीक निघाला. १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात व्हिनाइलची लादी लोकांपुढे मांडली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती सर्वत्र पसरली आणि लिनोलियमला तिने मागे टाकलं. लिनोलियम हे अळशीचं तेल, बुचाचा भुसा आणि तागाचं कापड यांचं. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६० च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं होतं. मराठी घरांत मात्र नाव लिनोलियमचंच टिकलं. चाळीतल्या खोलीत अंथरलेली पुढची गुंडाळी प्लास्टिकची असली तरी लोक तिला लिनोलियमच म्हणत राहिले.

मुंबईच्या आसपासच्या घरांना जमिनीची हौस मोठी. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात अजूनही इंग्लंडहून आणलेल्या मिंटन लाद्या पाहायला मिळतात. या आयातीला उत्तर म्हणून १९२२ साली फिरोजशा सिधवा यांनी भारत टाइल्स सुरू केली. सिमेंटची, दाबून घडवलेली, रंगीत नक्षीची स्वदेशी लादी त्यांनी बनवली. पुढे मोझॅक आला, शहाबाद आणि कोटा आले, आणि आता मोरबीची सिरॅमिक लादी याच महामार्गाने दक्षिणेकडे जाते. या सगळ्या लाद्या सिमेंटमध्ये घट्ट बसतात आणि त्यांच्या सांध्यांतून थोडीफार वाफ निघून जाते. व्हिनाइलची जात वेगळी. तिला खालची जमीन जशी असेल तशी स्वीकारावी लागते, तिच्यातला खड्डा, तिच्यातली भेग, तिच्यातली ओल, सगळंच.

ही ओल वर कशी येते? मातीच्या कणांमधल्या बारीक फटींतून पाणी आपोआप चढतं. फट जितकी बारीक तितकं पाणी वर जातं. चिकणमातीत ते कित्येक फूट चढतं, तर मोठ्या खडीत काही सेंटिमीटरच्या वर जात नाही. काँक्रीट आणि कोबा डोळ्यांना दगडासारखे दिसतात, पण आतून ते छिद्रांनी भरलेले असतात आणि पाण्याला पुरेशी वाट देतात. उघड्या कोब्यावर आलेली ओल रोज थोडी थोडी उडून जाते, म्हणून कोबा कोरडा दिसतो. त्यावर व्हिनाइल टाकलं की उडणं थांबतं आणि लादीच्या खाली पाणी साठू लागतं. हे पाणी साधं नसतं. सिमेंटमधला क्षार त्यात उतरतो आणि ते तीव्र अल्कधर्मी होतं. ताज्या काँक्रीटमधल्या पाण्याचा पीएच १२ ते १३ असतो. असं पाणी पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाला पुन्हा मऊ करतं. लादीला लवचीक ठेवणाऱ्या तेलकट द्रव्यांवरही ते हळूहळू परिणाम करतं. मग लाद्यांच्या कडा उचलतात, सांध्यांतून तपकिरी चिकट द्रव बाहेर येतो, मध्येच फुगे धरतात आणि कुबट वास सुटतो. दोष लादीवर येतो, पण लादी बहुतेक वेळा चांगलीच असते.

जुन्या गोठ्याची जागा असेल तर प्रश्न आणखी वाढतो, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण या भागात ही गोष्ट वारंवार येते. गोठ्याच्या जमिनीत वर्षानुवर्षं गोमूत्र आणि शेण मुरलेलं असतं. मातीतले जिवाणू त्यातल्या नायट्रोजनचे नायट्रेट क्षार बनवतात. हाच सोरा. जुन्या काळी बिहारमधल्या गावांची अशीच माती धुऊन, उकळून सोरा काढत, ईस्ट इंडिया कंपनी तो जहाजं भरून युरोपात नेई आणि त्यातून तोफांची दारू होई. गोठ्याच्या मातीत इतकं काही साठलेलं असतं. या क्षारांपैकी काहींना हवेतलं पाणी ओढून घ्यायची सवय असते. आर्द्रता साधारण पन्नास टक्क्यांच्या वर गेली की कॅल्शियम नायट्रेट स्वतःच ओलं होऊन विरघळतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे हवा त्याच्या कितीतरी वर असते. म्हणून जुन्या गोठ्याच्या भिंतीला खालून लोणा लागतो, गिलावा पापुद्रे धरून गळतो, आणि भूजल खाली गेलं तरी तिथली जमीन दमटच राहते. अशा जागी वरून नुसता कोबा ओतून त्यावर लादी लावणं म्हणजे क्षारांना झाकण घालणं. ते कोब्यातून वर येतात, लादीखाली स्फटिक होतात आणि सुकताना फुगून तिला उचलतात.

उपाय कष्टाचा आहे, पण दुसरा नाही. गोठ्याची जुनी माती निदान दीड-दोन फूट उकरून बाहेर काढायची. ती शेताला किंवा परसातल्या झाडांना द्यावी, तिथे ती सोन्याच्या मोलाची आहे. भिंतीचा लोणा लागलेला गिलावा, पांढरी रेघ जिथपर्यंत दिसते त्याच्या वर हातभर तरी, खरवडून काढायचा. खड्ड्यात मुरूम भरून ठोकायचा आणि त्यावर दगडाचं सोलिंग रचायचं. गवंडी हे सोलिंग भक्कमपणासाठी करतात असं समजलं जातं, पण त्याचं दुसरं काम तितकंच महत्त्वाचं आहे. मोठ्या दगडांमधल्या रुंद पोकळ्यांतून पाणी चढू शकत नाही, त्यामुळे ओलीची वाट तिथेच तुटते. म्हणून सोलिंगच्या पोकळ्या मातीने गच्च भरू नयेत. वर बारीक कचेचा पातळ थर, त्यावर २५० मायक्रॉनचा, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत हजार गेजचा, पॉलिथिन कागद. सांध्याला निदान सहा इंच एकावर एक घ्यायचा, पट्टीने चिकटवायचा आणि कडा भिंतीवर वर चढवायच्या. कामगार घमेली घेऊन त्यावरून चालतात तेव्हा कागद फाटतो. ते पाहायला मालकाने स्वतः उभं राहावं. त्यावर चार इंच काँक्रीट आणि वर कोबा.

आणि मग वाट पाहायची. काँक्रीट घट्ट व्हायला पाणी लागतं, पण लादी लावण्याआधी उरलेलं पाणी निघून जायला हवं. ढोबळ हिशेब असा सांगतात की एका इंचाला एक महिना. खाली पॉलिथिन असल्यामुळे पाणी फक्त वरूनच उडणार, म्हणून चार इंचाला चार महिने हे कमीत कमी धरा. दिवाळीनंतर काम काढलं तर लादीची वेळ होळीच्या सुमारास येते. गणपतीत पाहुणे येणार म्हणून घाईने श्रावणात लादी लावून घेणारी घरं पुढच्या पावसाळ्यात पस्तावतात.

जमीन आधीच तयार असेल, कोबा जुना असेल, तर उकरण्याआधी तपासून पाहा. जाड प्लास्टिकचा दीड फूट लांब, दीड फूट रुंद तुकडा जमिनीवर ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करा आणि एक दिवस-रात्र तसाच राहू द्या. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा गडद झालेला दिसला, तर ओल आहे. चाचणी सोपी आहे, अमेरिकेत ती प्रमाणित पद्धत म्हणून वापरलीही गेली आहे. पण आपल्याकडे तिचा महिना महत्त्वाचा. फेब्रुवारीत केलेली चाचणी उत्तीर्ण होते, कारण तेव्हा विहिरींनी तळ गाठायला सुरुवात केलेली असते. ती श्रावणात करा, दोन-तीन ठिकाणी करा, त्यातली एक जागा मागच्या भिंतीलगतची घ्या, कारण डोंगराकडून येणारं पाणी आधी तिथेच पोचतं. श्रावणात कोरडी राहिलेली जमीन वर्षभर कोरडी राहते.

लादीचे दोन मुख्य प्रकार बाजारात मिळतात. एक गोंदाने चिकटवायची, दीड ते तीन मिलिमीटर जाडीची लवचीक लादी. दुसरी चार ते सहा मिलिमीटरची कडक पट्टी, जिच्यात दगडाची पूड मोठ्या प्रमाणात मिसळलेली असते. तिला एसपीसी म्हणतात. तिच्या कडा एकमेकींत अडकतात आणि ती जमिनीवर नुसती पडून राहते. गंजाडसारख्या ठिकाणी, जमिनीबद्दल थोडीशीही शंका असेल तर, मी दुसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहे. तिच्यात खराब व्हायला गोंदच नसतो, आणि खाली काही बिघडलं तर पट्ट्या उचलून, जमीन सुकवून त्या पुन्हा बसवता येतात. सारवणाचा जो मोठा गुण, म्हणजे बिघडलं तर पुन्हा करता येणं, तो थोडा तरी इथे शिल्लक राहतो. दोन्ही प्रकारांत वरच्या पारदर्शक झिजेच्या थराची जाडी विचारा. ०.३ मिलिमीटरचा थर बैठकीच्या खोलीला चालतो. जिथे अवजारं ओढली जातात आणि पायांनी खडी आत येते तिथे ०.५ च्या खाली जाऊ नका.

पत्र्याच्या शेडमध्ये उष्णतेचा हिशेबही करावा लागतो. कडक पीव्हीसीची एक मीटर लांबी एका अंश सेल्सिअसला सुमारे ०.०७ मिलिमीटरने वाढते, तर काँक्रीटची सुमारे ०.०१. पौषातल्या पहाटे आणि वैशाखातल्या दुपारी पत्र्याखालच्या जमिनीत २५ अंशांचा फरक सहज पडतो. पाच मीटर लांबीत व्हिनाइल जवळपास ९ मिलिमीटर वाढेल आणि खालचं काँक्रीट सव्वा मिलिमीटर. दगडाची पूड जास्त असलेली पट्टी याहून कमी वाढते, तरी वाढतेच. म्हणून भिंतीलगत बोटाच्या जाडीएवढी फट सोडायची आणि ती स्कर्टिंगने झाकायची. ते स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, लादीला चिकटवायचं नाही. ही फट न सोडलेली जमीन वैशाखात मध्यभागी कमानीसारखी उठते. पत्र्याखाली छताला बांबूची तट्टी किंवा गवताचा थर दिला तर हा सगळा ताण बराच कमी होतो. वारली घरांचं गवती छप्पर हे काम किती चांगलं करतं, ते दुपारी आत बसल्यावर कळतं.

आता गाडीबद्दल. टायरच्या रबरात ते उन्हाने आणि ओझोनने तडकू नये म्हणून काही रसायनं घातलेली असतात. ती रबरातून सतत बाहेर झिरपत असतात. तापलेलं टायर व्हिनाइलवर उभं राहिलं की ती रसायनं लादीत शिरतात आणि काही आठवड्यांत पिवळट-तपकिरी डाग उमटतो. हा डाग पृष्ठभागावर नसतो, आत असतो, त्यामुळे तो साबणाने, रॉकेलने किंवा घासून जात नाही. रॉकेल आणि पेट्रोल लादीला आणि गोंदाला उलट मऊ करतात. म्हणून ज्या भागात गाडी रोज उभी राहणार तिथे व्हिनाइल लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेडचे दोन भाग करा. दाराकडचा गाडीचा भाग कोब्याचा किंवा शहाबादीचा ठेवा, त्याला बाहेरच्या बाजूला शंभरात एक इतका उतार द्या, म्हणजे चाकांबरोबर आलेलं पावसाचं पाणी बाहेर जाईल. मागचा भाग एखाद-दोन इंच उंच करा, मध्ये उंबरा घ्या, आणि व्हिनाइल तिथे लावा. मोटारसायकलच असेल तर टायरांखाली आणि स्टँडखाली लाकडी फळी ठेवली की पुरे. स्टँडच्या टोकाचा दाब एका बिंदूवर येतो आणि लवचीक लादीला कायमचा खड्डा पडतो. गाडी आत उभी राहणार आणि मागे माणसं बसणार असतील तर आतमध्ये इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रत्यक्ष बसवणं हे या सगळ्यात सोपं काम. दोन मीटरची सरळ पट्टी जमिनीवर फिरवून खालून तीन मिलिमीटरहून जास्त फट दिसते का पाहायचं, उंचवटे घासायचे, खड्डे सिमेंटच्या लेव्हलिंग मसाल्याने भरायचे. खोके दोन दिवस त्याच शेडमध्ये आडवे ठेवायचे, म्हणजे लादी तिथल्या उष्णतेला येते. समोरासमोरच्या भिंतींचे मध्य काढून खडूच्या दोरीने दोन रेघा मारायच्या, त्या काटकोनात आहेत का हे गुण्याने पाहायचं आणि मधून कडेकडे जायचं. गावातल्या शेडच्या भिंती क्वचितच काटकोनात असतात, म्हणून भिंतीपासून सुरुवात केली की शेवटच्या ओळीत निमुळते तुकडे येतात. गोंदाची लादी असेल तर दातेरी पत्र्याने गोंद सारखा पसरायचा, तो पारदर्शक दिसेपर्यंत थांबायचं, लादी ठेवायची आणि वजनदार रोलर दोन्ही दिशांनी फिरवायचा. रबर सोल्युशन वापरत असाल तर दारं-खिडक्या उघड्या हव्यात आणि आसपास विडीसुद्धा नको, त्याची वाफ पेट घेते. जुन्या सरकारी इमारतीतून किंवा भंगारातून आलेल्या लाद्या मात्र घेऊ नयेत. एके काळी या लाद्यांत ॲस्बेस्टॉस घालत आणि त्याचं भारतीय मानकही होतं. अशी लादी जमिनीवर पडून असेल तोवर ठीक, पण तोडली किंवा घासली की तिची धूळ फुप्फुसात जाते. नवी लादी घेतानाही एक चौकशी करावी. लवचीकपणासाठी वापरल्या जाणाऱ्या फ्थॅलेट गटातल्या चार द्रव्यांवर युरोपीय संघाने जुलै २०२० पासून घरगुती वस्तूंत ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आहे. जिथे मुलं जमिनीवर झोपतात, जमिनीवर जेवतात, तिथे ही चौकशी युरोपपेक्षा आपल्याला जास्त लागू आहे. निर्यातीच्या दर्जाच्या लादीच्या खोक्यावर फ्थॅलेटमुक्त असं छापलेलं सापडतं. ते नसेल आणि खोकं उघडताच उग्र वास येत असेल, तर दुसरा माल पाहावा.

डहाणू-तलासरीला लागू असणारी एक गोष्ट दुसरीकडच्या कोणत्याही लादीच्या माहितीपत्रकात नसते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाच्या लहान लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ रिश्टरच्या घरातला होता. लोक हिवाळ्याच्या रात्री तंबूंत झोपले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने इथे भूकंपमापक बसवले. कुडाची घरं अशा धक्क्यात हलतात आणि पुन्हा जागेवर येतात, कारण कारवी वाकते. विटा-सिमेंटच्या घरांच्या भिंतींना आणि जमिनींना तडे जातात, आणि सिमेंटमध्ये घट्ट बसवलेली सिरॅमिक लादी सुटून पोकळ वाजू लागते. व्हिनाइल तडकत नाही. विक्रेते हा गुण म्हणून सांगतात, आणि गोंद न लावता टाकलेल्या पट्ट्यांच्या बाबतीत तो आहेही, कारण खालची केसाएवढी भेग वर उमटत नाही.

पण नेमकी हीच गोष्ट मला काळजीची वाटते. भेग ही घराने दिलेली बातमी असते. जोतं खचतंय का, शेडचा खांब सरकतोय का, हे आधी जमिनीत दिसतं, आणि व्हिनाइल ते झाकून टाकतं. म्हणून या भागात लादी लावण्याआधी जमिनीतल्या आणि जोत्यातल्या प्रत्येक भेगेची पाहणी व्हायला हवी. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवा आणि एक पावसाळा जाऊ द्या. काच फुटली नाही आणि भेग खुणेच्या पुढे गेली नाही तर ती मेलेली भेग आहे, ती भरून लादी लावावी. काच फुटली तर आधी अभियंत्याला दाखवा, लादीचा विचार नंतर. आणि लादी लावल्यावरही भिंतीलगतची एक ओळ अशी ठेवा की स्कर्टिंग काढून ती उचलता येईल. धक्का जाणवला की ती उचलून खाली पाहायचं. श्रावणात एकदा उचलून ओलही पाहायची, म्हणजे दोन्ही कामं एकाच ओळीत होतात.

कापून उरलेल्या तुकड्यांचा प्रश्न छोटा वाटतो, पण डहाणूत तो छोटा नाही. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि इथल्या कारखान्यांवर मर्यादा आल्या. त्यामागे इथल्या बागा, जंगल आणि हवा वाचवण्याचा हेतू होता. गावात मात्र कचरा चुलीत किंवा शेकोटीत जातो. पीव्हीसीच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग क्लोरीन असतो. ते जळताना हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, डोळे आणि घसा जळतात, आणि मंद, धुरकट आगीत डायॉक्सिन तयार होतात, जी राखेतून मातीत आणि मातीतून दुधात जातात. हे तुकडे शेकोटीत टाकू नयेत, पाणी तापवायच्या बंबाखालीही घालू नयेत. त्यातले मोठे जपून ठेवावेत. कारण पुढच्या वर्षी त्याच नावाची लादी आणली तरी तिची छटा जुळत नाही. ते खोक्यात आडवे, सपाट, उन्हापासून दूर ठेवा. भिंतीला उभे टेकवून ठेवलेले तुकडे एका उन्हाळ्यात वाकतात आणि मग कुठेच बसत नाहीत. बारीक तुकडे पोत्यात भरून, वापीकडे प्लास्टिक गोळा करणाऱ्या एखाद्या भंगारवाल्याला पीव्हीसी म्हणून वेगळे सांगून द्यावेत. दुसऱ्या प्लास्टिकमध्ये ते मिसळले की तो सगळा लॉट वितळवताना खराब होतो.